आतून तासलेली

"ही बाजूला ठेवा. चालणार नाही," पंच अनवरी मॅडम म्हणाल्या.

संस्कृतीला हसूच आलं. खोडदच्या मैदानावर जुन्नर आणि आंबेगावच्या मुलींची सॉफ्टबॉलची फायनल सुरू व्हायची होती. त्यातूनच जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. आणि ही बाई जुन्नरच्या सगळ्यात जबरी हिटरची बॅट बाजूला ठेवा म्हणत होती.

बॅट मापाच्या कड्यातून आरपार गेली होती. मान्यतेचा शिक्का शाबूत होता. कुठे पोचा नव्हता, चीर नव्हती. पण यंदा मॅडमनी दाब मोजायचं यंत्र आणलं होतं. बॅटचा पोकळ, जाड भाग शिकंज्यात धरायचा, चाक फिरवायचं, काटा खुणेपर्यंत जातो का बघायचं. काटा अलीकडेच राहिला म्हणजे बॅट लवकर दबली, म्हणजे बाद, कारण तसल्या बॅटवरून चेंडू गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. संस्कृतीच्या बॅटला काटा खुणेपर्यंत पोचलाच नाही.

"मशीन बिघडलं असंल," संस्कृती म्हणाली. "नायतर बघणाऱ्याचे डोळे."

पोरी फिदीफिदी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी वृषालीची बॅट शिकंज्यात लावली. वृषाली संघात सगळ्यात शेवटी खेळायला यायची. तिच्या रंग उडालेल्या बॅटला संस्कृती 'धोपाटणं' म्हणायची. खुद्द वृषालीला काय म्हणायची, ते सांगण्यासारखं नाही. काटा खुणेच्या पुढे गेला. मॅडमनी पुन्हा संस्कृतीची लावली. काटा पुन्हा अलीकडेच अडला.

"टोकाचं झाकण काढून आतून तासलीय, पत्रा पातळ केलाय," मॅडम म्हणाल्या. "काम सफाईचं आहे. लेथवरचं."

लेथ म्हटल्यावर सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. तिथं संस्कृतीचा बाप सोपान उभा होता. पिंपरी पेंढारला त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. पोरीची एकही मॅच तो चुकवत नसे. तिनं चेंडू उडवला की सगळ्यांच्या आधी त्याची शिट्टी वाजायची.

"पप्पा, सांगा की ह्यांना!" संस्कृती ओरडली.

सोपान चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

संस्कृती कुंपणापाशी गेली. आवाज खाली आला.

"कधी केलं?"

"नवी आनली तवाच."

म्हणजे ओतूरला उसाच्या फडात गेलेला चेंडू तिचा नव्हता. मंचरला पंचांनीही टाळ्या वाजवल्या होत्या, तो फटकाही तिचा नव्हता. त्या फटक्यांच्या जिवावर ती कुणाकुणाला हिणवत आली होती! वृषालीला, पहाटे उठून सराव करणाऱ्यांना, आंबेगावच्या डोंगरातल्या आहुप्याहून अनवाणी येणाऱ्या पोरींना.

"तोंड पाडू नगं," सोपान कुजबुजला. "गाडीत दुसरी हाय. तिला लई हलका हात मारलाय. मशीनच्या बापाला बी कळायचं न्हाई."

चहात पडलेल्या माशीकडे बघावं तसं संस्कृतीनं त्याच्याकडे बघितलं. मग ती वळली आणि वृषालीसमोर जाऊन उभी राहिली. नुसता हात पुढे केला.

वृषालीनं तिला थोडा वेळ तसंच ताटकळू दिलं. मग बॅट दिली. "मूठ घसरती. घट्ट धर."

समोर आंबेगावकडून चेंडू टाकायला, पिचर म्हणून, आहुप्याची एक हडकुळी पोरगी होती. पहिला चेंडू कधी आला आणि कधी गेला, संस्कृतीला कळलंच नाही. दुसराही तसाच. तिसऱ्यावर तिनं सगळा जीव एकवटून बॅट फिरवली. चेंडू जेमतेम लागला, धुळीत घरंगळला. ती अर्ध्या वाटेवर असतानाच चेंडू पहिल्या बेसवर पोचला होता. ती बाद.

"काय राव, होमरन मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं. आंबेगावच्या पोरी पोट धरून हसल्या. जुन्नरच्याही हसल्या.

ती खाली मान घालून कुंपणाजवळून येत होती. सोपान तारेवरून वाकला. त्याचे डोळे भरून आले होते. पोरीच्या डोक्यावरून त्यानं हलकेच हात फिरवला.

"बगितलंस ना, बाळा? तुज्यानं व्हनार न्हाई, ह्ये मला पैल्यापासनं ठावं व्हतं. म्हनून तर करत व्हतो."

संस्कृतीनं तो हात डोक्यावरून खाली काढला.

"तुमी घरी जा, पप्पा. माझी पुढची बारी अजून यायची हाय."