एलिशेबाबाईंचा सल्ला

प्रेक्षकांतून माकडासारखे आवाज पुन्हा सुरू झाले. क्वामे मान खाली घालून धावत राहिला.

पनवेलच्या फुटबॉल क्लबने त्याला घानाहून आणलं होतं. मुलगा नोम इस्रायलला स्थायिक झाल्यापासून रिकामी पडलेली खोली एलिशेबाबाईंनी त्याला भाड्याने दिली. महिनाभरात भाडेकरूपण गळून पडलं. तो त्यांना आई म्हणू लागला. नारळाच्या रसातलं माशाचं कालवण ओरपायचा आणि वर आणखी तिखट मागायचा. त्याचा सामना असला की बाई पहिल्या रांगेत हजर.

मागच्या सामन्यात असेच आवाज आले, तेव्हा तो मैदानाच्या मधोमध खाली बसला होता. खेळ थांबला. पुन्हा असं केलंस तर करार संपला, असं मॅनेजर शैलेशने बजावलं. घरी आल्यावर बाईंनी त्याची समजूत काढली. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, इथे मूठभर; कुणी काही बोललं तरी हसून सोडून दिलं, म्हणून निभावलं. त्यांचा जन्म पनवेलचाच, तरी 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' हे ऑफिसात त्यांनी निवृत्त होईपर्यंत ऐकलं होतं.

"गप्प राहा, बाळा," त्या म्हणाल्या. "खेळावर लक्ष दे."

तो हो म्हणाला. आईने गप्प राहायला सांगितलंय, असं त्याने शैलेशलाही कळवलं.

आज तो शब्द पाळत होता. आवाज वाढत गेले, त्याने वर पाहिलं नाही. गोल केला, तरी हात उंचावले नाहीत. तसाच आपल्या जागी परतला. ती खाली घातलेली मान बाईंच्या चांगल्या ओळखीची होती.

त्या उठल्या. कठड्याचं फाटक ढकलून थेट मैदानात गेल्या आणि मधोमध गवतावर बसल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. क्वामे धावत आला, क्षणभर उभा राहिला आणि त्यांच्या शेजारी टेकला. पाठोपाठ कर्णधार परेश आला, करंजा बंदरावरच्या कोळ्यांतला.

"सरक जरा, क्वामे. आमी पन बसतो."

एकेक करत सगळा संघ बसला. प्रेक्षकांतले आवाज विरत गेले. शैलेश धापा टाकत पोचला.

"आजी, हे काय? तुम्हीच ना त्याला गप्प राहायला सांगितलंत?"

बाईंनी क्वामेच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला.

"हो. आणि त्याने ऐकलं माझं. तेच बघवलं नाही मला."