डाव्या डोळ्याची साखर

“एक चित्र धड जमेना म्हणून दोन काढलीत का, बाई?” श्रीमंत सरांनी तो कागद मेलेला उंदीर धरावा तसा चिमटीत धरला होता.

श्रीमंत हे सरांचं आडनाव; कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्रमुख. त्यांच्याकडून शाबासकी मिळालेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडला नसता. खुर्शीद शेख त्यांच्या हाताखाली शिकवायच्या. मुंबईच्या एका संस्थेत खोलीभर कपाटांएवढा संगणक आला होता आणि तो म्हणे रेणूंची चित्रं काढायचा. तिथं वर्षभर शिकायला बाईंची निवड झाली होती. अर्जावर सरांची सही तेवढी हवी होती. ती मिळाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

“तिथं जे यंत्र करतं, ते मी हातानं केलंय, सर,” बाई म्हणाल्या. “हा साखरेचा रेणू. प्रत्येक अणूची जागा तीन आकड्यांत असते. आडवी, उभी आणि खोली. आधी रेणू हवा तसा फिरवायचा. मग लांबचे अणू काढायचे, फिकट. जवळचे त्यांच्यावरून, ठळक. मागचं आपोआप झाकलं जातं. मग तोच रेणू जरासा वळवून पुन्हा काढायचा. एक चित्र डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या.”

“समोरच्या कारखान्यात पोत्यांनी साखर निघते. ती काय कुणी एकेका डोळ्यानं बघतं?”

बाईंनी कागद टेबलावर पसरला. दोन चित्रांच्या मधोमध पोस्टकार्ड उभं धरलं. कार्डावर नाक टेकवायचं, म्हणजे ज्या त्या डोळ्याला ज्याचं त्याचं चित्र. प्रयोगशाळेतला शिपाई मच्छिंद्र आधी वाकला.

“आयला, उठली की वर! ह्यो गोळा म्होरं हाय, त्यो लई मागं!”

सरांना किळसच आली. बाई दिसली की होयबा व्हायचं, एवढंच या लोकांना येतं.

“मी बघतो. उठलेली दिसली तर सही. नाही दिसली, तर अर्ज माझ्यासमोर फाडायचा आणि गुमान प्रॅक्टिकलं घ्यायची. कबूल?”

बाईंनी मान हलवली.

सरांनी कार्डावर नाक टेकवलं आणि ते खदखदून हसले.

“वा! वर उठायचं राहू द्या, डावं चित्रच गुल झालं! एक कार्डाआड दडवायचं आणि म्हणायचं, साखर उठली. यापेक्षा गारुडी बरा. फाडा!”

बाईंनी अर्ज हातात घेतला. फाडायला लागल्या आणि थांबल्या. सरांच्या चेहऱ्याकडे त्या बघतच राहिल्या.

“कार्डाआड काही दडत नाही, सर. जरा उजव्या डोळ्यावर हात ठेवा.”

“आता आंधळी कोशिंबीर का?” सरांनी हात ठेवला. “मच्छिंद्र, गाढवा, खिडकी कशाला लावलीस?”

“न्हाई लावली, सर. उघडीच हाय.”

सरांनी हात काढला. पुन्हा ठेवला. मग त्यांनी बाईंच्या हातून अर्ज ओढून घेतला आणि सही केली.

“मुंबईला चाललाच आहात,” ते खाली बघत म्हणाले, “तर तिथं डोळ्यांचा चांगला डॉक्टर कोण, तेवढं विचारून ठेवा.”