नुसतं उत्तर

“वनवास,” मनवा म्हणाली.

अप्पांचं शाईचं पेन कोड्याच्या चौकटीवर येऊन थांबलं. “फोड?”

“‘रानात दरवळ, तोही चौदा वर्षं.’ रान म्हणजे वन, दरवळ म्हणजे वास. वनवास.”

“हां, आता कसं!” म्हणत अप्पांनी चार घरं भरली.

ठाकूरद्वारच्या त्या चाळीत रविवारचा पेपर आला, की बापलेकीची सकाळ गूढ शब्दकोड्यात जायची. लहानपणापासूनचं होतं हे. आणि अप्पांचा नियम एकच: नुसतं उत्तर आमच्या घरात चालत नाही. उत्तर कसं आलं, कुठल्या तुकड्यांतून आलं, ती फोड सांगायची, मगच शाई लागायची. शाळेत असताना मनवाने एकदा अंदाजाने बरोबर उत्तर ठोकलं, तर या गृहस्थाने ती घरं कोरी ठेवून पेपर रद्दीत टाकला. पोर रडरड रडली, पण बाप काही हलला नाही.

आज मात्र मनवाचं बूड एका जागी ठरत नव्हतं. गॅलरीत जा, आत ये, मोबाइल उचल, पालथा टाक. गुरुवारी ती ठाण्याहून बॅग घेऊन माहेरी आली, तेव्हा ‘ऑफिसचं काम आहे इकडे’ असं ठोकून दिलं होतं. आईने, सुभद्राबाईंनी, बॅगेचं वजन नजरेनेच जोखलं आणि काही न विचारता सोलकढी करायला घेतली. आणि आज विनीत, तिचा नवरा, तिला न्यायला येणार होता. तिला परत जायचं नव्हतं. आज नाही, उद्याही नाही, कधीच नाही. हे तो यायच्या आत अप्पांना सांगायचं होतं.

पण काय कपाळ सांगणार? विनीत पीत नव्हता, हात उचलत नव्हता. सासू बिचारी गावी असायची. संध्याकाळी ऑफिसातून आलं, की मनवा बिल्डिंगखाली वॉचमनच्या बाकड्यावर बसून राहायची, वर जायला पायच उचलायचे नाहीत. वर गेल्यावर ती काहीही बोलली, की विनीत हसून म्हणायचा, “म्हणजे तुला असं म्हणायचंय,” आणि भलतंच काहीतरी तिच्या तोंडी घालायचा. हळूहळू तिने बोलणंच सोडलं. आता ही काय फोड झाली? चार माणसांत सांगितली, तर लोक म्हणतील, एवढ्याशासाठी संसार मोडतेस?

आणि गंमत बघा, हेच लग्न ठरवताना अप्पांनी विचारलं होतं, “फोड?” तेव्हा हिने घडाघडा सांगितली होती. नोकरी, स्वभाव, घर, माणसं. सगळे तुकडे चपखल बसले होते. अप्पा खूश होऊन पेढे आणायला स्वतः गेले होते.

“आता शेवटचं राहिलं,” अप्पांनी चष्मा वर सरकवला. “‘मागून पाहा, पुढून पाहा, बंदरात तेच उभं.’ तीन अक्षरं.”

तेवढ्यात मोबाइल वाजला. विनीत. “नाक्यावर आलोय गं. गाडी लावायला जागा नाही, पटकन खाली ये.” बरं म्हणायच्या आत त्याने फोन ठेवलासुद्धा.

“जहाज,” ती कशीबशी म्हणाली.

अप्पांची कळी खुलली. उभा जन्म रे रोडला, गोदीजवळच्या एका कचेरीत गेला होता त्यांचा. “शाब्बास! फोड?”

उलटं वाचा, सुलटं वाचा, जहाज ते जहाजच. शेंबड्या पोराला जमली असती. पण मनवाने मोबाइल पालथा टाकला.

“फोड नाहीये, अप्पा.”

“अगं, सोपी आहे! उलटीकडून वाच ना...”

“कोड्याची नाही हो, माझी! मला विनीतकडे परत जायचं नाही. का, ते मला सांगता येत नाही. खूप जुळवून बघितलं, नाही जुळत. पण जायचं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.”

स्वयंपाकघरात पळी थांबली. सुभद्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की आता हे माणूस वेडंवाकडं बोललं तर त्याची काही खैर नाही. मनवा मान खाली घालून उभी होती. पुढचा शब्द कुठला येणार, हे तिला पाठ होतं. रद्दीत गेलेली ती कोरी घरं तिच्या डोळ्यांपुढे आली.

अप्पांनी पेपर पुढे ओढला. मग त्यांनी पेन टेकवलं आणि ‘जहाज’ लिहून टाकलं. टोपण लावलं. उठून खुंटीवरचा सदरा अंगात घातला.

“अहो, कुठे निघालात?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“नाक्यावर. जावई खोळंबलाय गाडीत. मनवा येणार नाही म्हणून सांगून येतो.”

मनवा धावत दाराशी आली. तिचे डोळे भरले होते. “अप्पा, तो कारण विचारेल. काय सांगाल?”

अप्पांनी चपलेत पाय सरकवले.

“सांगेन, आमच्या घरात नुसतं उत्तर चालतं.”