ग्रहणातलं मावरं

पोटुशी असताना शालूने ग्रहणात मावरं, म्हणजे मासळी, कापलं, म्हणून कल्पिता दुभंगलेला ओठ घेऊन जन्मली. असं सासू सतरा वर्षं सांगत आली आणि शालू ऐकत आली. ओठ शिवला, टाळू शिवली, कानातलं पाणी काढलं. नीट बोलता यावं म्हणून पोरीला दर शनिवारी ठाण्याला नेलं, दातांना तारा लावल्या. आता जबड्याचं ऑपरेशन राहिलेलं. प्रत्येक नवा डॉक्टर आधी हेच विचारायचा, "घरात आणखी कुणाला असं होतं का?" शालूचा नवरा नाथा दर वेळी "नाही" म्हणायचा. मग शालू खाली बघायची.

सासूच्या दहाव्याला नाथा शहाडला नदीवर मुंडन करून घरी आला. लग्नापासून कधीच न काढलेली जाड मिशीही गेली होती. पाणी द्यायला पुढे झालेली शालू जागीच थांबली. त्याच्या वरच्या ओठावरून नाकापर्यंत टाक्यांची जुनी, पांढरी रेघ गेलेली. रोज कल्पिताच्या ओठावर दिसायची, तशीच.

"लग्न ठरलं तेव्हा आईनेच सांगितलेलं, मिशी राहू दे म्हणून," नाथा भिंतीकडे बघत म्हणाला.

शालूने तांब्या खाली ठेवला. 

"पुढच्या महिन्यात कल्पिताची तारीख आहे," ती म्हणाली. "डॉक्टर विचारतील. तोवर मिशी ठेवू नका."