पारंपरिक

"करा ना हो सही," कौतिकबाईंनी नानांच्या बोटांत पेन अडकवलं. प्रकाशक करार घेऊन ताटकळला होता. सही नसेल तर नानांच्या कवितांचं पुस्तक निघणार नव्हतं.

उभ्या खान्देशात हळदीला नानांचं गाणं वाजायचं, आणि कॅसेटवर कवीच्या जागी छापलेलं असायचं, 'पारंपरिक'. आठवडी बाजारात दिसेल त्या कॅसेटवर नाना तो शब्द खोडून स्वतःचं नाव लिहीत. दुकानदार हाकलून लावत, लोक हसत. त्या हट्टापायी आयुष्य सरलं. आता नाव छापायला माणूस दारात आला, तर नानांना बायकोचंही नाव आठवेना.

कौतिकबाईंनी तेच गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला नानांचा आवाज मिसळला. सगळी कडवी त्यांनी न अडखळता म्हटली. प्रकाशकानं घाईघाईनं करार पुढे सरकवला.

"आते करा सही," बाई काकुळतीला आल्या. "तुमनंच गाणं शे हो हाई."

नानांनी पेन हळूच खाली ठेवलं.

"दुसराना गाणावर सही कशी करू? हाई ते मनी माय जातावर म्हने." मग प्रकाशकाकडे वळून ते आईच्या वतीनं समजावत म्हणाले, "लिखा, पारंपरिक."