नेमून दिलेलं वजन

"ट्रेनरनं नेमून दिलेलं वजन तीन महिन्यांत उचललंस, तर तुला पाठुंगळी घेऊन सगळ्यांसमोर बिल्डिंगला फेरी मारीन," मी शेजारच्या काटकुळ्याला डिवचलं. पठ्ठ्यानं पन्नाशीत जिम लावली होती.

तीन महिन्यांनी तो म्हणाला, "उचललं." मी तडक ट्रेनरकडे जाऊन त्याची वही उघडायला लावली. उद्दिष्टाच्या रकान्यात बावन्न किलो खोडून सत्तेचाळीस, मग एक्केचाळीस, शेवटी छत्तीस.

"सापडला चोर! झेपेना म्हणून आकडा कमी करून घेतला!"

"नाही हो काका. त्यांच्या घरच्या काकू अंथरुणाला खिळल्यात ना? त्यांना उचलून बाथरूमपर्यंत नेता यावं, एवढंच त्यांचं उद्दिष्ट. दर सोमवारी काकूंचं वजन सांगतात, मी लिहितो."

मी त्याच्या घरी जाऊन त्याच्यापुढे वाकलो. "बस पाठीवर. हरलो."

"मला नको रे. हिला ने. चार महिन्यांत खाली उतरली नाहीये."

सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत उभी होती. वहिनींना पाठीवर घेऊन मी एक सोडून तीन फेऱ्या मारल्या.

मला साधी धापही लागली नाही.