पहिली आंघोळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे हिमांशू पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच पाटावर बसला. "आई, राहू दे. तेल मीच लावतो." मला हसू आलं. मे महिन्याच्या उन्हातही त्यानं बाह्या दुमडल्या नव्हत्या. हातावर कुण्या मुलीचं नाव गोंदलंय, हे मी केव्हाच ओळखलं होतं. तिची जात विचारायची नाही, असं त्याच्या बाबांनाही बजावून ठेवलं होतं. "वर्षातून एकदाच लावते रे. काढ शर्ट." त्यानं मान खाली घालून काढला. डाव्या कोपराच्या खळगीत सुयांचे डाग होते. काही काळे पडलेले, एक कालचा. तीस वर्षं नर्स होते मी. काही विचारावं लागलं नाही. बाहेरून यांनी विचारलं, "उटणं गुलमंडीचंच आणलंस ना?" "हो," मी म्हणाले. तेलाचा हात डागांवरून फिरत राहिला. मग वाटलं, नाव उजव्या हातावर असेल. "दुसरा हात दे."